पोर्तो रिकोच्या कर्जाचा धनी

कॅरिबियन समुद्रातील पोर्तो रिको या बेटाचे सरकार कर्जाच्या भाराखाली दबून गेले, आणि जून २०१५ मध्ये तेथील गव्हर्नर आलेहांद्रो गार्सिया पादिया यांनी हे कर्ज फेडणे शक्य नाही अशी उघड कबुली दिली, तेव्हापासून अमेरिकेच्या राज्यकर्त्या वर्तुळात, आणि तेथील मते प्रमाण मानणाऱ्या आपल्याकडील काही सुशिक्षितांतही, एक प्रतिपादन वारंवार ऐकू येते. ते असे की, स्पेनच्या जाचातून सोडवून अमेरिकेने या बेटाला रस्ते दिले, शाळा दिल्या, रोगराईपासून संरक्षण दिले, आपले नागरिकत्व दिले, संघराज्याच्या आयकरातून सूट दिली, आणि वर्षानुवर्षे अब्जावधी डॉलरचे साहाय्य पुरवले. एवढे सारे पदरात पडूनही तेथील पुढाऱ्यांनी उधळपट्टी केली, लाचलुचपत माजवली आणि कर्जावर कर्ज काढले. तेव्हा वसाहतवादाची जुनी कैफियत आता पुढे करण्यात काही अर्थ उरलेला नाही. या प्रतिपादनातील जवळजवळ प्रत्येक विधानात तथ्याचा काही अंश आहे, आणि म्हणूनच ते खोटे म्हणून झटकून टाकणे योग्य होणार नाही. माझा आक्षेप त्याच्या मांडणीवर आहे. बेटावर जे आले ते सर्व जमेच्या बाजूला लिहून, बेटावरून जे गेले त्याची नोंदच न करता, आणि निर्णय घेण्याचा अधिकार कोणाच्या हाती होता हा प्रश्न उपस्थितच न करता हा जमाखर्च तयार झालेला आहे, आणि अशा जमाखर्चाच्या आधारे कोणालाही दोषी ठरवता येत नाही.

प्रथम १८९८ सालच्या मुक्तीचा दावा घेऊ. स्पेनची राजवट सौम्य होती असे कोणीही म्हणणार नाही; बेटावर १८७३ पर्यंत गुलामगिरी कायम होती, आणि १८६८ मध्ये लारेस येथे झालेला स्वातंत्र्याचा उठाव त्या राजवटीने मोडून काढला होता. परंतु अमेरिकेचे सैन्य किनाऱ्याला लागले तेव्हाची स्थिती वेगळी होती. दीर्घ खटपटीनंतर नोव्हेंबर १८९७ मध्ये पोर्तो रिकोला स्पेनकडून स्वायत्ततेची सनद मिळाली होती, आणि त्या सनदेने त्याला स्वतःचे विधिमंडळ, स्वतःचे मंत्रिमंडळ, जकातीचे दर ठरवण्याचा हक्क आणि माद्रिदच्या संसदेत मतासह प्रतिनिधित्व लाभले होते. हे विधिमंडळ १७ जुलै १८९८ रोजी भरले. त्यानंतर आठच दिवसांनी, २५ जुलै रोजी, जनरल नेल्सन माइल्स यांची फौज दक्षिण किनाऱ्यावरील ग्वानिका येथे उतरली. त्याच वर्षी १० डिसेंबरला पॅरिस येथे झालेल्या तहनाम्याने स्पेनने बेट अमेरिकेच्या हवाली केले. त्या वाटाघाटींत पोर्तो रिकोचा एकही प्रतिनिधी नव्हता, आणि तेथील रहिवाशांचे नागरी हक्क व राजकीय दर्जा काय असावा हे अमेरिकेची काँग्रेस ठरवील, असे कलम तहनाम्यात घालण्यात आले. त्या कलमाचा अंमल आजही चालू आहे. स्पेनच्या अंमलाच्या शेवटच्या वर्षी माद्रिदमध्ये बेटाला जे मत होते ते वॉशिंग्टनमध्ये त्याला सव्वाशे वर्षांनंतरही मिळालेले नाही: प्रतिनिधिगृहात त्याचा एक निवासी आयुक्त बसतो, भाषण करू शकतो, परंतु विधेयकावरील अंतिम मतदानात त्याला मत नाही, सिनेटमध्ये त्याला जागा नाही, आणि बेटावर राहणाऱ्या नागरिकाला राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मत देता येत नाही.

१९०० च्या फोरेकर कायद्याने लष्करी अंमल संपला हे खरे, पण गव्हर्नर नेमण्याचा अधिकार अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाकडे गेला, अकरा जणांचे कार्यकारी मंडळही त्याच्याच नेमणुकीचे ठरले, आणि तेच मंडळ विधिमंडळाचे वरिष्ठ सभागृह म्हणून बसू लागले, त्यामुळे लोकनियुक्त सभागृहाने संमत केलेला कोणताही ठराव तेथे अडवता येई. पुढच्याच वर्षी या व्यवस्थेवर न्यायाची मोहर उमटली. न्यूयॉर्कच्या बंदरात पोर्तो रिकोहून आलेल्या संत्र्यांवर जकात घेणे कायदेशीर आहे काय, असा वरकरणी किरकोळ वाटणारा तो वाद. पण डाउन्स विरुद्ध बिडवेल या नावाने प्रसिद्ध असलेल्या त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले की हे बेट अमेरिकेच्या मालकीचे असले तरी अमेरिकेचा अंगभूत भाग नाही, आणि म्हणून राज्यघटनेची सर्व संरक्षणे तेथे आपोआप लागू होत नाहीत. न्यायालयाचा निर्णय जाहीर करणारे न्यायमूर्ती हेन्री बिलिंग्ज ब्राउन यांनीच पाच वर्षांपूर्वी, १८९६ मध्ये, कृष्णवर्णीयांसाठी आगगाडीचे वेगळे डबे ठेवणे घटनेला धरून आहे असा निकाल लिहिला होता. आगगाडीच्या डब्यांच्या त्या निकालामागचे तत्त्व न्यायालयाने १९५४ मध्ये टाकून दिले. बेटांविषयीचे निकाल मात्र न्यायालयाने अद्याप रद्द केलेले नाहीत, आणि पोर्तो रिकोच्या बाबतीत काँग्रेसला जे काही करता येते त्याचा कायदेशीर पाया आजही तोच आहे.

राजकीय सत्तेचा हा सांगाडा उभा राहताच त्याच्या आश्रयाने बेटाची शेती पालटली. १८९९ मध्ये लागवडीखालील जमिनीपैकी सुमारे ४१ टक्के जमिनीवर कॉफी होती, ऊस जेमतेम १५ टक्क्यांवर होता, आणि जवळजवळ एकतृतीयांश जमिनीत लोकांच्या रोजच्या पोटाची पिके निघत. कॉफी ही डोंगराळ भागातील लहानमोठ्या शेतकऱ्यांची लागवड, आणि तिचे गिऱ्हाईक स्पेन, क्यूबा व युरोपातील इतर देश. सत्तांतर झाले तेव्हा जुन्या बाजारपेठांत पोर्तो रिको परका ठरला आणि जकातीची भिंत त्याच्या आड आली. उलट अमेरिकेत कॉफीवर जकात नसल्याने ब्राझीलच्या मुबलक मालापुढे तिला संरक्षण असे काही उरले नाही. ऑगस्ट १८९९ मधील सान सिरियाको या भयंकर वादळाने तीन हजारांवर माणसे घेतली आणि कॉफीचे मळे भुईसपाट केले. ऊस मात्र अमेरिकेच्या जकातीच्या भिंतीआड सुरक्षित होता, आणि म्हणून भांडवल उसाकडे धावले. ज्या ग्वानिकाच्या उपसागरात फौज उतरली होती त्याच उपसागराच्या काठी साउथ पोर्तो रिको शुगर कंपनीचा प्रचंड कारखाना उभा राहिला. दक्षिणेस आगिरे, पूर्वेस फाहार्दो, असे एकामागून एक किनारपट्टीचे सपाट, सुपीक पट्टे कंपन्यांच्या ताब्यात गेले. त्यांचे भागधारक न्यूयॉर्क व बोस्टन येथे राहत असल्याने नफाही तिकडेच जाई.

कोणत्याही कंपनीने पाचशे एकरांहून अधिक जमीन धारण करू नये असे बंधन काँग्रेसनेच १९०० मध्ये घातले होते. हे बंधन सुमारे चाळीस वर्षे दप्तरातच राहिले. ते मोडणाऱ्यास शिक्षा नव्हती, ते पाळले जाते की नाही हे पाहणारा अंमलदार नव्हता, आणि सर्वांच्या डोळ्यांदेखत हजारो एकरांचे मळे पसरत गेले. अखेर बेटाच्याच सरकारने खटला भरून तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला, आणि १९४० मध्ये तेथे निकाल मिळाला तेव्हा कोठे या कायद्यात जीव आला. बेटाचे पहिले मुलकी गव्हर्नर चार्ल्स ॲलन हे पद सोडल्यानंतर काही वर्षांनी अमेरिकन शुगर रिफायनिंग कंपनीचे अध्यक्ष झाले, ही घटनाही त्या काळाच्या इतिहासात नमूद आहे, आणि शासन व साखर यांच्यामधील अंतर किती थोडे होते ते तिच्यावरून कळते. उसाची तोड साधारणतः जानेवारी ते जून अशी चाले. उरलेला काळ मजुराला उपासाचा. ज्या जमिनीत पूर्वी मका, घेवडा व रताळी निघत तेथे आता ऊस उभा असल्याने बेकारीच्या महिन्यांत त्याला धान्य विकत घ्यावे लागे, आणि तेही अमेरिकेहून जहाजाने आलेले.

शाळा व आरोग्य यांबद्दल एवढेच म्हणतो की, साक्षरता वाढली आणि मृत्यूचे प्रमाण घटले, हे निर्विवाद आहे. परंतु त्याच शाळांत चाळीस-पन्नास वर्षे, कधी कडक तर कधी सैल धोरणाने, स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांच्या माथी इंग्रजी माध्यम मारले गेले, आणि मातृभाषा शिक्षणात पुन्हा रुजली ती १९४९ च्या सुमारास. आरोग्याच्या खात्यातही एक नोंद अशी आहे की तिच्याकडे डोळेझाक करता येत नाही. १९३७ च्या कायद्यानंतर स्त्रियांच्या नसबंदीला अधिकृत आश्रय मिळाला, आणि १९६५ च्या पाहणीत वीस ते एकोणपन्नास वयाच्या मातांपैकी सुमारे एकतृतीयांश मातांवर ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. गर्भनिरोधक गोळीची मोठी चाचणी १९५६ मध्ये सुरू झाली तीही सान हुआनजवळील रिओ पिएद्रास येथील गरीब वस्तीत, आणि हे औषध अद्याप प्रयोगाच्या अवस्थेत आहे याची धड कल्पना त्या स्त्रियांना देण्यात आली नव्हती. उपकाराचे गोडवे गाणाऱ्यांनी हे पानही वाचावे.

लोक समाधानी होते, असे म्हणणाऱ्यांनी २१ मार्च १९३७ हा दिवस आठवावा. पोन्से शहरात स्वातंत्र्य मागणाऱ्या राष्ट्रवादी पक्षाच्या निःशस्त्र मिरवणुकीवर पोलिसांनी गोळीबार केला. एकोणीस माणसे ठार झाली आणि दोनशेच्या आसपास जखमी झाली. गव्हर्नर ब्लँटन विनशिप यांच्या पोलिसांचे हे कृत्य होते, आणि आर्थर गारफील्ड हेज यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी समितीने त्याला कत्तल असेच म्हटले. १९४८ मध्ये तर असा कायदा झाला की पोर्तो रिकोचा स्वतःचा ध्वज घरात ठेवणे, स्वातंत्र्याच्या बाजूने सभेत बोलणे, हेही तुरुंगवासास पात्र ठरू शके. हा कायदा १९५७ पर्यंत टिकला. स्वातंत्र्यवाद्यांना मते कमी पडतात, हा युक्तिवाद करताना या वीस वर्षांचा विसर पडू देणे प्रामाणिकपणाचे नाही.

आता नागरिकत्व आणि करमाफी यांकडे वळू, कारण उपकाराच्या यादीत यांना मानाचे स्थान दिले जाते. २ मार्च १९१७ च्या जोन्स कायद्याने पोर्तो रिकोच्या लोकांना अमेरिकेचे नागरिक केले. बेटाच्या लोकनियुक्त सभागृहाने तीन वर्षांपूर्वीच अशा नागरिकत्वाला आपला विरोध लेखी कळवला होता. तो मानला गेला नाही. पाच आठवड्यांच्या आत अमेरिका महायुद्धात उतरली आणि बेटावरून सुमारे अठरा हजार तरुण सैन्यात भरती झाले. त्याच कायद्यात एक दुसरे कलम होते, ज्याची चर्चा क्वचितच होते: बेटाच्या सरकारने काढलेल्या कर्जरोख्यांवरील व्याजाला संघराज्य, घटकराज्य आणि नगरपालिका या तिन्हींच्या करांतून माफी. ही सवलत घटकराज्यांच्या सर्वसाधारण रोख्यांनाही सर्वत्र नव्हती. ही करमाफी पोर्तो रिकोच्या शेतकऱ्यासाठी नव्हती. ती न्यूयॉर्कमध्ये रोखे विकत घेणाऱ्या धनिकासाठी होती, आणि तिच्यामुळे या बेटाला कर्ज देणे धनिकांना इतके फायदेशीर झाले की ते परतफेडीची ऐपत आहे की नाही याची चौकशी न करता देत राहिले.

बेटावरील रहिवाशाला बेटावर मिळवलेल्या उत्पन्नावर संघराज्याचा आयकर द्यावा लागत नाही, हे खरे. पण वृद्धत्वाच्या विम्यासाठी व वैद्यकीय विम्यासाठी त्याच्या पगारातून होणारी कपात ही मुख्य भूमीतल्याप्रमाणेच होते, आणि या आयकरमाफीची किंमत त्याच्याकडून वेगळ्या मार्गाने वसूल केली जाते. न्यूयॉर्कमध्ये राहत असताना अपंग व निर्धन व्यक्तींसाठी असलेले संघराज्याचे मासिक साहाय्य मिळवणारे एक गृहस्थ २०१३ मध्ये पोर्तो रिकोला परतले. ते साहाय्य बेटाच्या रहिवाशांस लागू नाही म्हणून सरकारने त्यांच्याकडून सुमारे २८ हजार डॉलर परत मागण्यासाठी दावा लावला. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक अशा मताने सरकारची बाजू उचलून धरली, आणि कारण हेच दिले की बेटाचे रहिवासी संघराज्याचे बहुतेक कर भरत नाहीत. ज्या निर्धन, अपंग माणसाच्या उत्पन्नावर मुख्य भूमीतही आयकर लागू झाला नसता त्याला आयकर भरत नाही म्हणून साहाय्य नाकारणे, याला न्याय म्हणवत नाही. एकाच देशाचा नागरिक विमानाने तीन-चार तासांचा प्रवास करून घरी गेला की त्याचा हक्क कमी होतो, आणि परत न्यूयॉर्कला आला की पूर्ववत होतो.

१९४० नंतरचा काळ हा या प्रतिपादनाचा सर्वांत भक्कम बुरूज आहे, आणि त्याला मी त्याचे श्रेय देतो. लुईस मुन्योस मारीन हे १९४८ मध्ये लोकांनी निवडलेले पहिले गव्हर्नर. त्यांच्या कारकिर्दीत करमाफीचे आमिष दाखवून अमेरिकी कारखाने बेटावर आणण्याची मोठी मोहीम चालली. उत्पन्न वाढले, झोपड्यांच्या जागी सिमेंटची घरे आली, आयुर्मान झपाट्याने उंचावले. पण ज्या दशकात ही भरभराट झाल्याचे सांगितले जाते त्याच दशकात, १९५० ते १९६० या काळात, बावीस लाख लोकसंख्येच्या या बेटावरून चार लाखांहून अधिक माणसे कामधंद्यासाठी अमेरिकेत गेली. उसाच्या शेतीतून बाहेर पडलेल्या मजुरांना सामावून घेण्याइतकी कामे नव्या कारखान्यांत नव्हती. जी संपन्नता आपल्या माणसांपैकी पाचव्या हिश्श्याच्या आसपास माणसे बाहेर पाठवल्याशिवाय टिकत नाही, तिला यश म्हणताना निदान शब्द तोलून वापरावे.

कारखान्यांचे स्वरूपही कालांतराने बदलले. १९७६ मध्ये अमेरिकेच्या करकायद्यात ९३६ या क्रमांकाचे कलम आले. त्यामुळे मुख्य भूमीतील कंपन्यांना बेटावरील नफ्यावर जवळजवळ पूर्ण सूट मिळाली, आणि औषधांच्या मोठमोठ्या कंपन्या तेथे आल्या. दुसरीकडे तयार झालेल्या संशोधनाची व नाममुद्रांची मालकी कागदोपत्री बेटावरच्या शाखेकडे सोपवायची आणि नफा तेथे दाखवायचा, अशी ती पद्धत होती. बेटावर घडलेले उत्पादन आणि बेटाच्या रहिवाशांच्या हाती राहणारे उत्पन्न यांत म्हणून एवढी तफावत पडली की आजही दुसरी रक्कम पहिलीच्या दोन-तृतीयांशांच्या आसपास भरते. आपल्याकडे या प्रकारचा हिशेब नवा नाही. १८४१ मध्येच मुंबईच्या इंग्रजी वृत्तपत्रात भास्कर पांडुरंग तर्खडकरांनी इंग्रजांच्या परोपकाराचा दावा देशाबाहेर जाणाऱ्या द्रव्याच्या आधारे खोडून काढला होता, आणि १९०१ मध्ये, संत्र्यांच्या खटल्याच्या त्याच वर्षी, दादाभाई नौरोजींचा दारिद्र्यावरील ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही प्रकरणे तंतोतंत सारखी नाहीत. हिंदुस्थानात रयतेचा महसूल विलायतेस जाई. पोर्तो रिकोत संघराज्याच्या तिजोरीतून पैसा बेटावर येतो, आणि खाजगी नफा बेटाबाहेर जातो. म्हणूनच मदत किती आली एवढेच विचारून भागत नाही. ती मदत गरिबाच्या हाती पडल्यावर अमेरिकेतून आणलेल्या धान्यावर, अमेरिकी दुकानसाखळीत खर्च होते आणि काही आठवड्यांत ज्या किनाऱ्याहून आली तेथेच पोहोचते. बेटावरील अन्नापैकी पाचातले चार भाग बाहेरून येतात. त्यात १९२० च्या नौकानयन कायद्याची भर: अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात माल न्यायचा तर जहाज अमेरिकेत बांधलेले, अमेरिकेचे निशाण लावलेले, अमेरिकी मालकीचे आणि मुख्यतः अमेरिकी खलाशांचे असले पाहिजे. बेटाच्या चारही बाजूंना समुद्र असल्याने या महागड्या वाहतुकीचा भार प्रत्येक भाकरीवर पडतो, आणि तो कायदा बदलण्याचा अधिकार बेटाला नाही.

मग ९३६ चे कलम काँग्रेसने १९९६ मध्ये रद्द केले आणि दहा वर्षांची मुदत देऊन २००६ मध्ये ते पूर्णपणे संपवले. ते आले काँग्रेसच्या मर्जीने आणि गेले काँग्रेसच्या मर्जीने; ज्यांची अर्थव्यवस्था त्यावर उभी होती त्यांचे मत त्यात नव्हते. त्याच वर्षी बेटावर मंदी सुरू झाली. सरकारी उत्पन्न आटले, तरुण माणसे बाहेर पडू लागली, आणि सान हुआनच्या सरकारने जुने कर्ज भागवण्यासाठी नवे कर्ज काढण्याचा मार्ग धरला. हा मार्ग चुकीचा होता. तेथील दोन्ही प्रमुख पक्षांनी तो आलटून पालटून चोखाळला, आणि ते त्याबद्दल आपल्या लोकांना जबाबदार आहेत. परंतु रोखे विकून दलाली घेणाऱ्या पेढ्या आणि ते करमुक्त व्याजासाठी विकत घेणारे फंड हे या व्यवहारात डोळे उघडे ठेवून उतरले होते. २०१६ पर्यंत रोख्यांचे देणे सुमारे ७२ अब्ज डॉलर झाले होते, आणि निवृत्तिवेतनाच्या देण्याची सुमारे ५० अब्जांची रक्कम त्याहून वेगळी होती.

अमेरिकेत एखादी नगरपालिका कर्जात बुडाली तर दिवाळखोरीच्या कायद्याच्या नवव्या प्रकरणाखाली ती न्यायालयाच्या देखरेखीत सावकारांशी तडजोड करू शकते. २०१३ मध्ये डेट्रॉईट शहराने हाच मार्ग धरला. पोर्तो रिकोच्या नगरपालिकांना व सरकारी महामंडळांना हा मार्ग १९८४ पर्यंत उपलब्ध होता. त्या वर्षी काँग्रेसने एका दुरुस्तीने तो बंद केला, आणि असे का केले याचा खुलासा कामकाजाच्या नोंदीत सापडत नाही. बेटाने २०१४ मध्ये स्वतःचा दिवाळखोरीचा कायदा केला. जून २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोही रद्द ठरवला: संघराज्याच्या कायद्याचे संरक्षण पोर्तो रिकोला मिळणार नाही, आणि त्या कायद्याच्या आड येतो म्हणून स्वतःचा कायदाही करता येणार नाही. त्याच महिन्यात, चार दिवस आधी, त्याच न्यायालयाने दुसऱ्या एका खटल्यात असे ठरवले होते की पोर्तो रिकोला स्वतःची मूळ सार्वभौमता नाही, त्याच्या सत्तेचा उगम काँग्रेस हाच आहे. १९५२ मध्ये, फौज उतरल्याच्या वर्धापनदिनी, २५ जुलैला बेटाचे संविधान अमलात आणून आणि पुढच्या वर्षी संयुक्त राष्ट्रसंघात वसाहतींच्या यादीतून त्याचे नाव काढून घेऊन आता हा मुलूख स्वयंशासित झाला असे जगाला सांगितले गेले होते. त्या संविधानातही काम मिळण्याच्या, पुरेसे जीवनमान मिळण्याच्या हक्काचे कलम काँग्रेसने आधीच कापले होते.

आणि त्याच महिन्याच्या अखेरीस, ३० जून २०१६ रोजी, काँग्रेसने नेमणुकीच्या सात सभासदांचे देखरेख मंडळ बेटावर बसवले. अंदाजपत्रक मंजूर करणे, विधिमंडळाने केलेला कायदा रोखणे, सावकारांशी तडजोड करणे, हे सारे त्याच्या अखत्यारीत आले. गव्हर्नर त्यात बसतो, पण मताविना. मंडळाचा खर्च बेटाच्या तिजोरीतून चालतो, आणि कर्जाच्या खटल्यातील वकील व सल्लागार यांच्या फीपोटी एक अब्ज डॉलरहून अधिक रक्कम गेली आहे, तीही तेथील जनतेची. त्याच वर्षांत विद्यापीठाचे अनुदान मोठ्या प्रमाणात कापले गेले आणि शेकडो शाळा बंद झाल्या. २० सप्टेंबर २०१७ ला मारिया वादळ आले. सरकारी आकडा बरेच महिने चौसष्ट मृत्यूंचा होता. नंतरच्या अभ्यासाने तो २,९७५ वर नेला, कारण बहुतेक माणसे वादळात मेली नाहीत, ती नंतरच्या महिन्यांत विजेवाचून, औषधावाचून, रुग्णालयापर्यंत पोहोचता न आल्याने मेली. सर्व घरांत वीज परत यायला अकरा महिने लागले. नौकानयन कायदा या काळात स्थगित झाला तो दहा दिवस.

लाचलुचपतीच्या आरोपाला उत्तर पोर्तो रिकोच्या लोकांनीच दिले आहे. २०१९ च्या जुलैत गव्हर्नर रिकार्दो रोसेयो यांच्याविरुद्ध सान हुआनच्या रस्त्यांवर लाखो माणसे उतरली, दोन आठवडे हटली नाहीत, आणि गव्हर्नरांना राजीनामा द्यावा लागला. आपल्या मतांनी निवडून आलेल्या कारभाऱ्याला जाब विचारण्याची आणि त्याला काढून टाकण्याची रीत तेथील रयतेला चांगलीच ठाऊक आहे. देखरेख मंडळाला मात्र ती जाब विचारू शकत नाही, काँग्रेसला विचारू शकत नाही, जकात, नौकानयन, चलन, दिवाळखोरी यांचे कायदे करणाऱ्या कोणालाही मतपेटीतून हलवू शकत नाही. गडबड करणाऱ्या पुढाऱ्याचे नाव उच्चारायचे आणि त्याच्यावरच्या सत्तेचे नाव घ्यायचे नाही, हा न्याय एकांगी आहे.

शेवटचा मुद्दा असा मांडला जातो की त्यांना स्वातंत्र्य नकोच आहे. १९६७ पासून आजवर झालेल्या सार्वमतांपैकी एकही काँग्रेसवर बंधनकारक नव्हते. १९९३ मध्ये चालू व्यवस्थेला थोडी अधिक मते पडली. २०१७ मध्ये अमेरिकेचे घटकराज्य होण्याला प्रचंड बहुमत मिळाले, पण बहिष्कारामुळे मतदान सुमारे २३ टक्केच झाले. २०२० मध्ये साडेबावन्न टक्के मते घटकराज्याच्या बाजूने पडली. प्रत्येक वेळी वॉशिंग्टनने निकाल वाचला आणि बाजूला ठेवला. स्वातंत्र्य किंवा घटकराज्य यांपैकी काय निवडावे हे ठरवणे माझे काम नाही, आणि कोणत्याही परक्याचे नाही. पण कर्ज, नागरिकत्व, बाजारपेठ व संक्रमणकाळातील साहाय्य यांच्या अटी आधी जाहीर करून, निकाल आपण पाळू असे वचन देऊन घेतलेले मतदान जोवर काँग्रेसने एकदाही घेतलेले नाही, तोवर लोकांच्या इच्छेचा हवाला तिने देऊ नये. या अनिश्चिततेत २०१० ते २०२० या दहा वर्षांत बेटाची लोकसंख्या ३७ लाखांवरून ३३ लाखांच्या खाली आली. आणि २०१२ पासूनच्या कायद्यांनी मुख्य भूमीतील धनिकांना, ते बेटावर राहावयास आले तर, भांडवली नफ्यावर करमाफी दिली, जी तेथे आधीपासून राहणाऱ्याला मिळत नाही.

१८९८ पासून या बेटाच्या जकातीचा, चलनाचा, जहाजांचा, कराच्या सवलतींचा आणि दिवाळखोरीचा प्रत्येक मोठा निर्णय वॉशिंग्टनमध्ये झाला. त्या निर्णयांपैकी एकावरही पोर्तो रिकोचे मत मोजले गेले नाही. म्हणून या कर्जाचा धनी पोर्तो रिको एकटा नाही, आणि त्याचा मोठा वाटा ज्यांनी कायदे केले त्यांनी उचलला पाहिजे. नेमणुकीचे मंडळ विसर्जित करावे, १९०१ च्या निकालांना मूठमाती द्यावी, आणि बेटाच्या लोकांसमोर बंधनकारक सार्वमत ठेवावे, ही मागणी तेथील सर्व पक्षांची माणसे वेगवेगळ्या शब्दांत करीत आहेत. तिला उत्तर देणे अमेरिकेच्या काँग्रेसकडे बाकी आहे.